सामायिक संडास आणि साम्यवाद

वाडा आणि चाळ यांच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसांची संख्या महाराष्ट्रात फार मोठी आहे. या मंडळींत दाखल व्हायची अट एकच. वाडा किंवा चाळ सोडून तुम्हाला निदान वीस वर्षं झालेली असली पाहिजेत. जो अजून तिथंच राहतो त्याला वाडासंस्कृतीबद्दल विचारून पाहा. तो नळाची वेळ सांगतो आणि बादली उचलून चालू लागतो. पण जो तिथून सुटला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेला, ज्याच्या संडासाला आतून कडी आहे आणि बाहेर रांग नाही, त्याला मात्र रात्री-अपरात्री गहिवरून येतं. ‘काय ते दिवस होते हो! दारं म्हणून कधी बंद नसायची!’ हे वाक्य तो आपलं दार आतून लावून, वर साखळी अडकवून आणि भिंगातून एकदा बाहेर डोकावून मगच म्हणतो.

हा रोग केवळ मराठी आहे असं समजायचं कारण नाही. मॉस्कोच्या लोकांनाही तो झालेला आहे आणि त्यांनी त्यावर एक चित्रपटच काढलेला आहे. चित्रपटाचं नाव ‘पोक्रोव्स्की गेट’. लिओनिद झोरिन यांच्या नाटकावरून मिखाईल कोझाकोव यांनी १९८२ साली टेलिव्हिजनसाठी तो दोन भागांत केला. माझ्या भाच्यानं तो मला मोबाइलवर लावून दिला. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, वर रशियन माणसं पळत होती आणि मी चष्मा वरखाली करीत दोघांच्या मागं पळत होतो. तरी पहिल्या दहा मिनिटांतच माझी खात्री पटली की हे लोक आपल्यातलेच आहेत. भाषा तेवढी बदलली आहे, भांडण तेच आहे.

तसं नावही ओळखीचं. अमरावतीच्या माणसाला ‘गेट’ म्हटलं की जवाहर गेट आठवतं, अंबागेट आठवतं. पेंढाऱ्यांपासून व्यापारीपेठ वाचवायला निजामाच्या अमलात गावाभोवती परकोट घातला, त्याच्या या वेशी. मॉस्कोतही तशीच एक वेस होती. पुढं वेस गेली आणि वस्तीला नाव उरलं. आमच्याकडे वेस उभी आहे आणि तिच्यातून रिक्षा काढताना लोक जी नावं घेतात ती इथं देता येत नाहीत.

आता या रशियन घराची रचना समजून घेतली पाहिजे, कारण विनोद सगळा रचनेत आहे. १९१७ च्या क्रांतीनंतर शहरांतली बड्या लोकांची प्रशस्त घरं सरकारनं ताब्यात घेतली आणि एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड घातलं. स्वयंपाकघर सगळ्यांत एक, न्हाणीघर एक, संडास एक. अशा घराला ते लोक ‘कम्युनाल्का’ म्हणत. दारावर पाटी असे : अमक्यांकडे यायचं असेल तर घंटी एकदा वाजवा, तमक्यांकडे दोनदा, आणि कोपऱ्यातल्या म्हातारीकडे पाच वेळा. (म्हणजे म्हातारीकडे पाहुणा आला की सगळं घर मोजत बसे.) पुष्कळ घरांत संडासात प्रत्येक बिऱ्हाडाचा दिवा वेगळा आणि बटण वेगळं, कारण विजेचा हिशेब वेगळा. इतकंच काय, बसायची लाकडी बैठकसुद्धा घरोघरची वेगळी, भिंतीवर खिळ्याला टांगलेली. खाजगी मालमत्ता नष्ट करायला निघालेल्या देशात शेवटी खाजगी म्हणून जी मालमत्ता उरली ती ही. आमच्याकडे टमरेलं घरोघरची वेगळी असत. तत्त्व एकच, फक्त हवामानाचा फरक.

माझ्यापाशी समीक्षकाला लागणारी बाकीची पात्रता नाही. पण नऊ बिऱ्हाडांत दोन संडास या विषयात माझा अनुभव दांडगा आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या अलीकडे, आमचा वाडा होता. मध्ये अंगण, अंगणात विहीर, भोवती खोल्या, वर धाबं. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की नऊ बिऱ्हाडांच्या बाजा अंगणात येत आणि झोपेत कोण काय बडबडतं हेसुद्धा सार्वजनिक होई. धाब्यावर कुरडया कुणाच्याही वाळोत, राखण सगळ्यांची, आणि राखण करता करता ओला चीक खाण्याचा हक्कही सगळ्या पोरांचा. एवढ्या अधिकारावर मी हे लिहितो आहे.

‘पोक्रोव्स्की गेट’ची गोष्ट अशी. काळ १९५६-५७ च्या आसपासचा. घरात खोबोतोव नावाचा एक भिडस्त, पुस्तकी, चष्मा हरवणाऱ्या जातीचा गृहस्थ आहे. परदेशी कविता, त्यांची भाषांतरं यांच्यात बुडालेला. त्याचा घटस्फोट झालेला आहे. पण ‘झालेला आहे’ एवढंच. कारण त्याची पूर्वाश्रमीची बायको मार्गारिता पाव्लोव्ना त्याच घरात आपल्या होऊ घातलेल्या दुसऱ्या नवऱ्याबरोबर राहते. आणि तिचं ठाम मत असं की खोबोतोव हा एकटा जगायला नालायक असल्यामुळं त्याचं खाणंपिणं, कपडेलत्ते, तब्येत आणि प्रेमप्रकरणं या सगळ्यांची जबाबदारी तिची. पुढं खोबोतोव एका साध्यासुध्या नर्सच्या प्रेमात पडतो. झालं! आख्खं घर कामाला लागतं. कुणी सल्ला देतो, कुणी आडवं येतो. गावोगाव विनोदी पदं म्हणून पोट भरणारा एक शेजारी आहे, तो स्वतःच एका जलतरणपटू मुलीपायी वेडा झालेला असल्यानं अधिकारवाणीनं बोलतो. मावशीकडे राहणारा कोस्तिक नावाचा तरुण विद्यार्थी हे सारं बघत असतो. हा कोस्तिक पुढं प्रौढ होऊन गाडीतून येतो, तेव्हा ती जुनी वस्ती पाडली जात असते, आणि त्याच्या आठवणीतून आपल्याला हे घर दिसतं.

चित्रपट गोड आहे, यात शंका नाही. बुलात ओकुद्झावा यांची गाणी मधूनमधून येतात आणि शब्द न कळताही आतमध्ये काहीतरी हलतं. नटमंडळी पट्टीची आहेत. मार्गारिता बोलायला लागली की मला आमच्या घरमालकीण मावशीच लुगडं सोडून फ्रॉक घालून आल्यासारख्या वाटल्या. दोष काढायचे तर ते नाटकाचे. प्रत्येकजण टाळीचं वाक्य बोलतो. कुणी साधं ‘मीठ द्या’ म्हणत नाही. आणि गर्दीच्या घरात जी एक गोष्ट दिवसभर असते ती तर कुठंच दिसत नाही : रांग. नऊ बिऱ्हाडांत राहिलेल्या माणसाला हे फसवणुकीसारखं वाटतं.

याहून मोठी एक गोष्ट चित्रपट गाळतो. स्टालिन वारला १९५३ साली. त्याच्या राज्यात भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यानं कान टवकारले तर माणूस रात्रीतून नाहीसा होई. आमच्या वाड्यातल्या चुगलीनं फार तर कुणाचं ठरलेलं लग्न मोडे. तिथल्या चुगलीनं आयुष्य मोडलेलं आहे. ज्या काळातलं हे कोवळं ऊन चित्रपट दाखवतो, त्याच काळात छावण्यांतून सुटलेली माणसं मॉस्कोत परत येत होती. १९८२ साली तिथं हे बोलायची सोय नव्हती, हे खरं. पण आठवणींचा धंदाच असा आहे. दिवे लागलेली खिडकी तेवढी ठेवायची आणि जिना खरवडून टाकायचा.

असं असलं तरी कोझाकोव यांना मी मानतो, आणि त्याचं कारण शेवट. खोबोतोव आणि त्याची नर्स शेवटी त्या प्रेमळ घरातून एका मित्राच्या मोटारसायकलवर बसून अक्षरशः पळून जातात. आता गंमत अशी की रशियातली माणसं ‘काय ते घर होतं!’ म्हणून हा चित्रपट पुन्हापुन्हा बघतात. आणि चित्रपट स्वतः काय सांगतो? तर तिथल्या सगळ्यांत सज्जन माणसाला सुखी व्हायला त्या घरातून सुटावंच लागलं. १९५७ पासून त्या देशात प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र फ्लॅट देण्याची मोठी मोहीम निघाली, पाचमजली इमारतींच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि माणसं तिकडं पळतच गेली. गहिवर मागाहून, सामान हलवून झाल्यावर आला.

आता आपल्या बाजूला येऊ. आपल्याकडे या विषयाचा आद्यग्रंथ म्हणजे पु. ल. देशपांडे यांची १९५८ सालची ‘बटाट्याची चाळ’. चित्रपटांत राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० साली आला. नव्या जोडप्याला बोलायला कोपरा मिळत नाही, एवढ्या एका अडचणीवर तो उभा आहे. पुढं बासू चतर्जींनी तो ‘पिया का घर’ म्हणून हिंदीत नेला. पण खोबोतोवच्या घराशेजारी उभा करायचा चित्रपट मला विचाराल तर सई परांजपे यांचा ‘कथा’. वर्ष १९८३. म्हणजे मॉस्कोत कोस्तिक मावशीकडे बसून आठवणी काढत होता, जवळजवळ त्याच सुमाराला मुंबईत राजाराम जोशी चाळीचा जिना चढत होता.

आणि योगायोग असा की सईबाईंचे वडील रशियन. युरा स्लेप्त्सोव हे जलरंगात चित्रं काढणारे चित्रकार. आई शकुंतला परांजपे, आजोबा रँग्लर परांजपे. यावरून मी काही सिद्धांत मांडणार नाही. एकतर ते वडील पडले झारच्या सेनापतीचे चिरंजीव, त्यांना सामायिक स्वयंपाकघराचा अनुभव असण्याची शक्यता कमी. शिवाय स्वयंपाकघर रक्तातून उतरतं असा शोध अजून लागलेला नाही.

‘कथा’ची भाषा हिंदी, पण हाड मराठी. मूळ नाटकच मराठी : शं. गो. साठे यांचं ‘ससा आणि कासव’. राजाराम हा कासव. जोड्यांच्या कंपनीत कारकून, बऱ्याच काळानंतर नोकरीत कायम झालेला, समोरच्या संध्या सबनीसवर मनातल्या मनात प्रेम करणारा. चाळीतलं प्रत्येक फुकटचं काम त्याच्याकडे. मग त्याचा जुना मित्र बाशू येतो. हा ससा. राजारामच्या खोलीत राहतो, त्याचंच खातो, त्याचेच कपडे घालतो, थापा मारून त्याच्याच कचेरीत त्याच्या वर जाऊन बसतो, साहेबाची बायको आणि मुलगी दोघींनाही नादी लावतो आणि इकडे चाळीत संध्येशी लग्नही ठरवतो. आणि ऐन वेळी पसार.

नटांची निवड बघा. नसीरुद्दीन शाह हे त्या काळी संतापलेल्या, धगधगत्या भूमिकांबद्दल प्रसिद्ध. त्यांना इथं बोट लावलं तरी मान आत घेणारा कासव केलं. ‘चश्मे बद्दूर’मधला लाजरा, अभ्यासू फारूख शेख इथं अट्टल भामटा. प्रेक्षक त्याच्या पहिल्या हसण्यालाच भुलतो, कारण दोन वर्षांपूर्वी तो सज्जन होता! म्हणजे चाळ जशी फसते तसे आपणही फसतो. ही खरी दिग्दर्शकाची चलाखी. त्या वर्षीच्या उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक ‘कथा’ला मिळालं, ते उगीच नाही.

पण माझ्या मते ‘कथा’ची मोठी गोष्ट वेगळीच आहे. चाळीला सगळं दिसतं असा आपला समज असतो. कुणाकडे कोण आलं, किती वाजता गेलं, हातात पिशवी होती की नव्हती. ‘कथा’ सांगते की चाळीला सगळं दिसतं आणि काहीही कळत नाही. चोवीस तास नजरेखाली असलेला राजाराम कसा आहे हे कुणाला ठाऊक नाही, आणि चार दिवसांपूर्वी आलेला बाशू सगळ्यांचा लाडका. इतके डोळे, पण एकही माणूस ओळखत नाही. वाड्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे झोंबायला हवं. पण आपण त्या जागी हसतो आणि पुढं जातो.

‘कथा’त दोष नाही असं नाही. राजाराम शेवटी संध्येला स्वीकारतो, मागचं काही विचारत नाही, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मला मात्र तिथं थोडं अडखळायला होतं. गोष्टीतल्या कासवाला शर्यत जिंकल्याची शाबासकी मिळते. इथल्या कासवाला एक जिवंत मुलगी मिळते. तिला शर्यतीबद्दल काय वाटतं हे विचारायला चित्रपटाकडे वेळ थोडा उरतो. तरीही हा चित्रपट चाळीकडे बघून उसासे टाकत नाही, ही त्याची मिळकत. ज्या वर्षी काढला त्याच वर्षाची चाळ दाखवली. गहिवर आपण आता, चाळीस वर्षांनी, आपल्या पदरचा घालतो.

हे इतकं तावातावानं सांगायचं कारण आमच्या वाड्यातले मास्तर.

मास्तर गणित शिकवत. वय चाळिशीकडे झुकलेलं, लग्न नाही, कोपऱ्यातली एक खोली. मास्तरांना स्वयंपाक येत नसे आणि तो शिकायची वेळ आमच्या वाड्यानं त्यांच्यावर येऊ दिली नाही. एका घरून पाटोड्यांची भाजी, दुसरीकडून रोडगे, तिसरीकडून ताक. आजारी पडले तर नऊ घरांचा काढा. काढ्यानंच माणूस उठायचा. घरमालकीण मावशी म्हणत, ‘मास्तराले कोन हाय बाप्पा? आपुनच त हावो.’ आणि ते अगदी खरं होतं.

एकदा मास्तरांना अमरावतीहून पोस्टकार्डं यायला लागली. अक्षर सुबक, बाईचं. पोस्टमन टपाल ओसरीवर टाकी. मावशींना अक्षरओळख नव्हती, म्हणून जवळपास जो शिकलेला असेल तो मोठ्यानं वाचून दाखवी. त्यात लपवण्यासारखं काही नसे : पाऊस किती झाला, शाळा कधी उघडली, अंबादेवीला गेले होते. पण वाड्याला दोन ओळींमधलं वाचता येत होतं. बाई शिक्षिका होत्या आणि लहानपणीच विधवा झालेल्या होत्या.

एका रविवारी त्या स्वतः आल्या. शंभरेक किलोमीटर एस. टी.नं, उन्हातान्हाच्या. वाड्यानं त्यांचं असं स्वागत केलं की विचारू नका. नऊ घरी चहा झाला. प्रत्येक घरी बसवून घेतलं, प्रत्येक घरी तेच प्रश्न विचारले : माहेर कुठलं, पहिले यजमान कशानं गेले, पगार किती, सासरचं काही येणं आहे का. मास्तर अंगणात विहिरीपाशी उभे. स्वतःच्या पाहुणीशी चार शब्द बोलायला त्यांना नंबर लागला नाही. संध्याकाळच्या गाडीनं बाई परत गेल्या. मग ओसरीवर बैठक भरली आणि एकमतानं ठरलं की बाई चांगल्या आहेत, पण मास्तरांच्या जिवाला झेपणार नाही. मावशी मास्तरांना म्हणाल्या, ‘काऊन जी मास्तर, आमी काई कमी करून राह्यलो का तुमाले?’

या प्रश्नाला उत्तर नसतं. मास्तरांनीही दिलं नाही. पोस्टकार्डं हळूहळू थांबली. भाज्यांच्या वाट्या चालू राहिल्या.

मास्तर गेले त्या दिवशी नऊही घरांत चूल पेटली नाही. मावशी आपलं माणूस गेल्यासारख्या रडल्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मला त्या वाड्याबद्दल एवढंच सांगता येतं. ज्या हातांनी वाटी दिली, त्याच हातांनी पोस्टकार्ड धरलं होतं. वाटी हवी असेल तर तो हात हवा, आणि हात आला की तो पोस्टकार्डापर्यंत पोचणारच. मार्गारिता पाव्लोव्नाला हे ठाऊक नव्हतं, मावशींना नव्हतं. दोघींनी जन्मभर प्रेमच केलं. फरक इतकाच की खोबोतोवला मोटारसायकलवाला मित्र भेटला. मास्तरांकडे सायकल होती, आणि तीसुद्धा वाड्यातलं कुणीतरी दळण आणायला नेलेली असे.

म्हणून जुन्या दिवसांचा गहिवर कुणी घालायला लागलं की मी आडवा येत नाही. गहिवर जरूर घालावा. फक्त त्यात रांग पाहिजे, ओसरीवर मोठ्यानं वाचलेलं टपाल पाहिजे, विहिरीपाशी उभे असलेले मास्तर पाहिजेत. ते वगळून जो उरतो तो आपला वाडा नव्हेच. ते कॅलेंडरवरचं चित्र झालं.

आता मी अमरावतीला ज्या इमारतीत राहतो तिथं सोळा फ्लॅट आहेत आणि संडास सोळाहून कितीतरी जास्त. समोरच्या दारावरच्या पाटीवरून मला त्यांचं आडनाव कळलं. त्यांच्याकडे कुणाची पत्रं येतात ते मला माहीत नाही, आणि मी दोन दिवस तापानं पडलो होतो हे त्यांना माहीत नाही. हिशेब चोख आहे.

तेव्हा माझी शिफारस अशी. हे दोन्ही चित्रपट बघाच. आधी ‘कथा’, मग ‘पोक्रोव्स्की गेट’. म्हणजे गोड शेवटी पडेल. एकट्यानं बघू नका, शेजाऱ्यांना बोलवा. चहा करा, वाटीभर चिवडा द्या, त्यांच्या तब्येतीची चौकशी करा, त्यांनाही तुमची करू द्या. फोन मात्र पालथा घालून ठेवा.